मदत हवी आहे: उल्हासनगरमधल्या मुलाखती, प्रश्न कसे विचारू?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी उल्हासनगरमधल्या वयस्कर सिंधी लोकांशी बोलतेय. फाळणीआधी सिंधमध्ये जे पाहिलं-भोगलं, त्याचा पुढे मतदानावर काय परिणाम झाला, हा विषय. पहिल्याच घरात गाडी अडलीय.

दोन सख्खे भाऊ. थोरले १९४७ला तेरा वर्षांचे, सिंधमधल्या हैदराबादेत शाखेत जायचे. जानेवारी १९४८ला कराचीत दंगल उसळली तेव्हा कुटुंब तिथेच बोटीची वाट बघत होतं. मत आधी जनसंघाला, मग भाजपला. धाकटे तेव्हा पाच वर्षांचे. त्यांना सिंध आठवतच नाही. आठवते ती कल्याण कॅम्पातली (म्हणजे आजच्या उल्हासनगरातली) लष्करी बराक, गोणपाटाच्या पडद्यापलीकडचं दुसरं कुटुंब आणि रेशनची रांग. ते पक्के काँग्रेसवाले. "छप्पर दिलं त्यांना विसरायचं?" थोरले हसले आणि पापडाची ताटली पुढे सरकवली.

मग घडवलं कशाने, सुटलेल्या गावाने की कॅम्पने? तिकडे कोलकात्याच्या वसाहतींतले पूर्व बंगालचे निर्वासित तर डाव्यांकडे वळले!

थेट विचारलं की पक्षाचं भाषण ऐकायला मिळतं. आणि इतक्या वर्षांत सांगून सांगून आठवणी गुळगुळीत झाल्यात, त्यात आजचं राजकारणही मिसळतं.

कोणी अशा मुलाखती घेतल्यात का? मतदानाचा विषय शेवटी काढू का? भावांना एकत्र बसवू की वेगवेगळं? गडचिरोलीतल्या बंगाली वसाहतींत कोणी काम केलं असेल तर जरूर सांगा. पुढच्या रविवारी परत जायचंय.