मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीत स्नोमोबाइलचे प्लग काळे पडतात

मंडळी, स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) चालवणारं कोणी असेल तर सल्ला हवाय. गाडी जुनी आहे. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, लिक्विड कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. पारा उणे २० च्या खाली गेला की पूर्ण चोकवर इंजिन पकडतं, पण चोक अर्धा केला की गुदमरून बंद पडतं. स्पार्क प्लग काढून पाहावेत तर काळे, ओले, तेलकट. नवे लावले की लगेच चालू, म्हणजे ठिणगी ठीक असावी.

चोकवर पेट्रोल जास्त जातं आणि आयडलला प्लग स्वतःची काजळी जाळण्याइतका तापत नाही, इतपत कळतं. पण चोक नेमका कधी सोडायचा? इंजिन पकडताच बंद करून अंगठ्याने हलकं थ्रॉटल देत राहायचं का? नुसतं आयडलवर तापवत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. उलट कूलंट कोमट व्हायच्या आत जोर दिला तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम व्हायची भीती.

एकाने जास्त गरम रेंजचे, म्हणजे स्वतः जास्त तापणारे, प्लग सुचवलेत. पटत नाही, फुल थ्रॉटलवर पिस्टनला भोक पडायचं!

आधी काय उघडू? चोकचा प्लंजर (जादा पेट्रोलची वाट बंद करणारा दट्ट्या) पूर्ण बसत नसेल, की फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) गळत असेल?