मदत हवी आहे: सरडा आणि कासवासाठी सनरूम, छप्पर काचेचं की पक्कं?

निवडुंग:

नमस्कार मंडळी. मुक्काम कोलंबस, ओहायो. घरात दोन मंडळी आहेत. एक बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा, आणि एक सुलकाटा कासव. कासव लेकीच्या मैत्रिणीकडचं. ते लोक गाव सोडून गेले आणि हे आमच्या पदरी पडलं. सध्या पुरणाच्या ताटाएवढं आहे, पण ही जात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातली. पूर्ण वाढ झाली की चाळीस किलोंच्या पुढे सहज जाते आणि जगते इतकी, की मृत्युपत्रात तिची सोय लिहावी लागेल.

हिवाळाभर दोघं बेसमेंटमध्ये दिव्यांखाली असतात. मागचा डेक कुजलाय, तो काढून तिथे १२ बाय १६ फुटांची सनरूम, म्हणजे ऊन आत घेणारी काचेची खोली, बांधायचं चाललंय. बाजू दक्षिणेची, समोर मोठं झाड नाही. दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिला म्हणतो, ॲल्युमिनियमची चौकट, तिन्ही बाजू आणि छप्परही काचेचं, "जनावरांना फुकटचा सूर्य". दुसरा म्हणतो, छप्पर इन्सुलेशन घातलेलं पक्कं, मोठी काच फक्त दक्षिणेला, पूर्व-पश्चिमेला साध्या खिडक्या. दुसऱ्याचा आकडा बराच वर आहे. नवरा अर्थातच पहिल्याच्या बाजूने.

काचेतून यूव्हीबी (या प्राण्यांना लागणारे उन्हातले अतिनील किरण) येत नाही हे मला माहीत आहे, दिवे लागणारच. मग काचेच्या छपराने नक्की काय मिळतं? आणि जमीन कशी करावी? सुलकाटा बिळं खणतो म्हणे. शिवाय सासूबाई उन्हाळ्यात सहा महिने येणार आहेत आणि फोनवर "काचेची खोली" ऐकल्यापासून सांडगे-पापडांचे बेत सुरू झालेत. तेही त्याच खोलीत जमेल का?

वारूळ:

छप्पर पक्कंच करा. मी कॅलगरीत पूर्ण काचेच्या खोलीत दोन इग्वाना ठेवतो, म्हणून हे जीव तोडून सांगतोय.

सूर्याचा कोन बघा. कोलंबस साधारण ४० अंश अक्षांशावर. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर असतो, म्हणजे ऊन उभ्या दक्षिण काचेतून तिरपं थेट आत येतं. २१ जूनला तोच सूर्य ७३ अंशांवर, सगळा मारा छपरावर. काचेचं छप्पर उन्हाळ्यात नको तेव्हा तापतं, आणि जानेवारीच्या रात्री तुम्ही पैसे मोजून केलेली ऊब तिथूनच निघून जाते. पक्कं छप्पर आणि दक्षिणेला दीड-दोन फुटांची वळचण काढली की जूनचं ऊन बाहेर अडतं आणि डिसेंबरचं आत येतं. 

गारठ्यापेक्षा मला तापण्याची भीती जास्त वाटते. माझ्याकडे एप्रिलमध्ये बाहेर १५ अंश सेल्सिअस आणि लख्ख ऊन असताना आत ४०च्या वर पारा गेलेला आहे. सरड्याला अंग शेकायला ४० अंशांचा दगड लागतो हे खरं, पण तिथून उठून जायला २५ अंशांचा गार कोपराही लागतो. बंद काचेच्या खोलीत तो कोपराच उरत नाही. त्यांना घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकण्यापलीकडे फारसं काही हातात नसतं. छपराच्या आढ्याजवळ थर्मोस्टॅटवर चालणारा एक्झॉस्ट पंखा आणि समोर खाली हवा आत यायला झडप, हे आराखड्यातच घालून घ्या.

यूव्हीबीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. २८० ते ३१५ नॅनोमीटरचा तो पट्टा साधी खिडकीची काचही जवळजवळ पूर्ण अडवते. पॉलिकार्बोनेटचे पत्रेही तेच करतात, त्यामुळे कोणी "काचेऐवजी पॉलिकार्बोनेट घाला" म्हणालं तर फसू नका. दक्षिणेच्या दोन खिडक्या मात्र पूर्ण उघडणाऱ्या आणि मजबूत जाळीच्या घ्या. जाळीतून यूव्हीबी कमी होतं, तरी मे ते सप्टेंबर खरं ऊन मिळतं. बाकीच्या काळात यूव्हीबी देणारी लांब टी-फाइव्ह (बारीक) ट्यूब. ती दिसायला वर्षानुवर्षं पेटत राहते, पण यूव्हीबी त्याआधीच मंदावतं. मीटर विकत घ्या, शेकायच्या दगडावर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ४ ते ६ हवा. ट्यूब किती उंचीवर टांगायची हे डब्यावर वाचण्यापेक्षा मीटरने ठरवा.

आणि सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगून सांडगे बाहेर अंगणात घालायला सांगा. सरपटणारे प्राणी वरून ठणठणीत दिसले तरी साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू, बाळगून असू शकतात. त्या खोलीत खाणंपिणं नाही, त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला त्यांच्याजवळ जाऊच देऊ नका.

बोरघाट:

आमच्याकडे भिंतीवर पाल दिसली तर घरभर झाडू घेऊन पळापळ होते आणि इथे सरड्यासाठी खोली बांधताहेत! वाचतोय, चालू द्या.

चिखलदरा_ते_शिकागो:

सुलकाट्याचं सांगते, आमच्याकडचा आता दोन माणसांनी उचलावा लागतो.

जमिनीला काँक्रीटचा स्लॅब, त्याखाली फोमचे कडक बोर्ड. नाहीतर हिवाळ्यात स्लॅब बर्फासारखा पडतो आणि कासवाचं पोट सतत त्यालाच टेकलेलं. खणायची हौस भागवायला कोपऱ्यात विटांचा हौद बांधून फूट-दीड फूट माती भरा. लाकूड वापराल तर सीडर नको, त्याच्या तेलाचा वास यांना बाधतो.

काच जमिनीपर्यंत आणू नका! कासवाला पारदर्शक काच म्हणजे अडथळा हे कळत नाही. पलीकडे हिरवळ दिसते, मग दिवसभर तिथेच डोकं लावून चालत राहायचं. आमच्याने एका आठवड्यात कवचाची पुढची कड घासून पांढरी केली होती. खालची दोन फूट भिंत पक्की ठेवा. त्यात एक बुटकं दार, बाहेर उतार, उंबरठा नाही. मोठेपणी १२ बाय १६ त्याला पुरणार नाही, उन्हाळ्यात अंगण हवंच.

रात्री अख्खी खोली तापवायच्या भानगडीत पडू नका. सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे रोज रात्री ऊब लागते, पण ती त्याच्या खोक्याला द्या. प्लायवूडचं, फोम लावलेलं, झाकण उघडणारं खोकं, आत छताला रेडियंट पॅनल (खाली ऊब सोडणारी सपाट पाटी), दाराला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या. थर्मोस्टॅट २६-२७ वर. खोलीला मिनी-स्प्लिट (भिंतीवरचा, गरमही करणारा एसी), १५-१६च्या खाली जाऊ नये एवढंच. सरड्याची पेटी वेगळी आणि उंचावर, म्हणजे या रणगाड्याच्या वाटेत येणार नाही.

विजेचं इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दिव्यांना आणि हीटरला वेगळी सर्किट्स, दिव्यांना जाळीचं कव्हर, वायरी कासवाच्या तोंडापासून लांब.

पेठकर:

प्रश्न अवांतर. पुण्यात गच्चीवर असं काही करून स्टार कासव ठेवता येईल का? एक जण द्यायला तयार आहे.

चिखलदरा_ते_शिकागो:

नाही हो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो सरळ गुन्हा आहे, "देणारा" आणि घेणारा दोघांसाठी. त्या माणसाबद्दल वनखात्याला कळवा.

निवडुंग:

सगळ्यांचे मनापासून आभार. डिसेंबर-जूनच्या कोनाचं गणित नवऱ्याला कागदावर काढून दाखवलं, तो इंजिनिअर असल्याने निमूट गप्प बसला. दुसऱ्या कंत्राटदाराला खालची दोन फूट भिंत, बुटकं दार आणि वळचण घालून नवा आकडा मागितलाय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

एकच राहिलं. इथे बर्फाच्या वादळात वीज कधीकधी दिवसभर जाते. तेवढ्यापुरता जनरेटर घ्यावा की दोघांना उचलून घरात आणणं पुरतं?

वारूळ:

कासव उचलता येतंय तोवर घरात आणा, एक दिवस गारठा सोसतात. मोठ्या प्लॅस्टिकच्या पेट्या आणि सरड्यासाठी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तयार ठेवा. पण जनरेटर जोडायचा स्विच आत्ताच बसवून घ्या, भिंती बंद झाल्यावर तेच काम दुपटीने महाग पडतं. जनरेटर पाच-सहा वर्षांनी घेतलात तरी चालेल.