सीपॅप मशीनमधून ऑक्सिजन येतो का? आणि ते व्हॅक्यूम क्लीनरवालं खरंय का?

अर्धीझोप:
बाबांची स्लीप स्टडी झाली, एएचआय 41 आलाय, म्हणजे तासाला सरासरी 41 वेळा श्वास थांबतो नाहीतर अर्धवट होतो. डॉक्टर म्हणाले स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार. त्यावर सीपॅप सांगितलंय, म्हणजे झोपताना मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन, पण बाबा मास्क बघूनच फिरले, म्हणे मला काय ऑक्सिजन लावायची वेळ आली का. मी त्यांच्या खोलीत झोपून बघितलंय हो, घोरणं चालू असतं आणि एकदम चिडीचूप, मी अंधारात आकडे मोजत बसते, 20, 21, 22, आणि मग गटांगळी खाऊन वर आल्यासारखा श्वास. सकाळी विचारलं तर मस्त झोप लागली म्हणतात! तर हा ऑक्सिजन असतो का? आणि पहिलं मशीन व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर केलं होतं म्हणतात ते खरं की नुसता फॉरवर्ड?

रात्रपाळी:
खरंय. सिडनी विद्यापीठातले डॉ. कॉलिन सलिव्हन, साल 1980. त्याआधी ते टोरांटोत झोपेतल्या श्वासावर काम करत होते, तेही कुत्र्यांवर. तेव्हा या आजारावर खात्रीचा इलाज एकच, ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून तिथून श्वास. एका पेशंटला तेच सांगितलं होतं, तो काही तयार होईना, मग त्याच्यावर हा प्रयोग झाला. हवा ओढणारी मोटर उलटी लावून नाकात हवा सोडायची, बस. मास्क तर सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवायचे तेव्हा, बाबांना हे जरूर सांगा.

आणि ऑक्सिजन अजिबात नाही, खोलीतलीच हवा फिल्टरमधून येते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, त्यात आपण श्वास आत ओढला की मऊ नळी जोरात चोखल्यावर चपटी होते ना तसा घसा मिटतो. मशीन फक्त एवढ्या दाबाने हवा सोडतं की तो मिटू नये. छातीत हवा भरत नाही, श्वास तुमचा तुम्हीच घेता.

सरळसाधा:
घोरतो म्हणजे गाढ झोपलाय एवढं साधं आहे. पूर्वी कुणाला होते हे आजार? सगळा मशीन खपवायचा धंदा.

रात्रपाळी:
पूर्वीही होते की, नाव नव्हतं इतकंच. आणि धंद्याचं म्हणाल तर सलिव्हननी दाब कमी करून बघितला, श्वास परत अडकायला लागला, वाढवला तर मोकळा. त्याच माणसावर, त्याच रात्री. हे 1981 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, पेशंट फक्त 5 होते पण फरक इतका ढळढळीत की आकडेमोड करायची गरजच नव्हती. घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं मीही म्हणत नाही, म्हणून तर टेस्ट करतात.

नाकासमोर:
मी 3 वर्षं लावतोय. पहिला आठवडा भयंकर, रात्री 2 ला मास्क काढून फेकायचो आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा 😅 मला उपयोग झाला तो असा की दिवसा जागेपणी अर्धा तास लावून बसायचं, टीव्ही बघत, म्हणजे नाकाला सवय होते. मशीनमध्ये रॅम्प असतो तो चालू करा, दाब हळूहळू चढतो. नाक कोरडं पडलं तर ह्युमिडिफायर. आणि मास्कचा साईज नीट बघून घ्या, कडेने हवा सुटून डोळ्यात गेली की माणूस वैतागणारच, त्यात बाबांची चूक नाही. पट्टे करकचून आवळू नका मात्र, त्याने लीक उलट वाढतं.

अर्धीझोप:
थँक्यू सगळ्यांना. चिकटवायच्या मास्कचं सांगितल्यावर बाबा हसले, म्हणाले आण बघू ते इकडे. आत्ता हॉलमध्ये मास्क लावून पेपर वाचतायत, मध्येच मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर शब्दाऐवजी नुसती हवाच फुस्स करून बाहेर. आता तोंड मिटून, डोळे वटारून खुणा करतायत.