४८के स्पेक्ट्रम: मेमरी ६५५३५ दाखवते, तरी मोठे प्रोग्रॅम कोसळतात

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. मशीन स्पेक्ट्रम प्लस, ४८के (१९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, ४८ किलोबाइट रॅमचा). कॉपीराइटची ओळ नीट येते, १६केचे प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात. ४८केचे लोड होतात, पण मधेच रीसेट. ‘प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३’ला (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं) उत्तर ६५५३५, म्हणजे शेवटच्या पत्त्यापर्यंत रॅम पूर्ण दिसतेय. तरी वरच्या ३२केच्या आठही रॅम चिप (४५३२) बदलाव्यात का? बुधवार पेठेत ४५३२ कुणाकडे मिळत नाही.

जुना बोर्ड:
आठही काढू नका, बोर्डाचे ट्रॅक फार नाजूक आहेत. प्रत्येक चिप एकच बिट सांभाळते, तेव्हा आधी बिघडलेला बिट शोधा.

त्या ६५५३५वर विसंबू नका. मशीन सुरू होताना रॉम (आतला कायमचा प्रोग्रॅम) प्रत्येक जागी २ लिहितो आणि दोनदा एक-एक वजा करून शून्य येतं का एवढंच बघतो. म्हणजे २ ते ७ हे बिट कधी १ केलेच जात नाहीत. त्यातला एखादा काही पत्त्यांवर ०लाच अडकला असेल, तर ही चाचणी बिनदिक्कत पास होते.

स्वतः तपासा. पहिली ओळ ‘क्लिअर ३२७६७’, म्हणजे स्टॅक (मशीनची तात्पुरत्या नोंदींची जागा) खालच्या १६के रॅममध्ये येईल. मग ३२७६८ ते ६५५३५ सगळीकडे २५५ पोक करा (म्हणजे लिहा), दोन मिनिटं थांबा आणि वेगळ्या लूपमध्ये पीक करून चुकलेले पत्ते छापा. लिहिल्या-लिहिल्या वाचलंत तर चार्ज गळणारी जागा सापडत नाही. ‘इफ’च्या ओळीतच ‘नेक्स्ट’ घालू नका, अट खोटी ठरली की बेसिक उरलेली ओळ सोडून देतं. हेच ०, ८५ आणि १७०नेही करा. बेसिक हळू आहे, धीर धरा.

मुठाकाठ:
काही पत्त्यांवर २५५ऐवजी २२३ येतंय. ० लिहिलं की ० बरोबर.

जुना बोर्ड:
२५५ वजा २२३ म्हणजे ३२, बिट ५. वरच्या रॅममध्ये आयसी१५ म्हणजे बिट ०, तिथून क्रमाने आयसी२२ म्हणजे बिट ७. तुमची चिप आयसी२०.

पाठीवर चांगली चिप बसवून बघायची युक्ती इथे बेभरवशाची. खालची चिप ०च देत राहिली, तर वरची तिच्याशी भांडत बसते.

सोल्डरवाला:
बिट ५ नक्की दिसतोय, म्हणून चिपच. आठही बिट वेडेवाकडे आले असते तर आधी पत्ता पोचवणाऱ्या आयसी२५, आयसी२६ (७४एलएस१५७) आणि त्यांच्या जोडीच्या लॉजिक चिप आयसी२३, आयसी२४ तपासायला सांगितलं असतं. अशा वेळी लोक उगाच आठ चिप उपटतात.

४५३२ शोधत फिरू नका, ४१६४ लावा. ४५३२ ही अर्धीच चालणारी ६४ किलोबिटची चिप, आणि कोणता अर्धा चांगला हे बोर्डावरच्या लिंकने (तारेच्या छोट्या जोडणीने) ठरतं. ४१६४चे दोन्ही अर्धे चांगले असतात, त्यामुळे लिंक न बदलता एकच बदलता येते. ४५३२च आणणार असाल तर बाकीच्या सातांच्याच अर्ध्याची हवी.

काढताना मेलेल्या चिपचे पाय साइड कटरने कापा, मग एकेक पाय गरम करून ओढा. भोकं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) साफ करून टर्न्ड-पिन सॉकेट बसवा.

उघडलंच आहे तर खालच्या १६के रॅमच्या ४११६ चिपच्या पिना मोजा: १वर उणे ५, ८वर १२, ९वर ५ व्होल्ट, १६ ग्राउंड. उणे ५ गायब असेल तर मशीन लगेच बंद करा, नाहीतर ४११६ जळतात. बहुतेकदा टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेलेला असतो. आणि नवा ॲडॉप्टर घेणार असाल तर ९ व्होल्ट, मधली पिन ऋण. बाजारातल्या बहुतेकांची धन असते.

मुठाकाठ:
उणे ५ आणि १२ दोन्ही बरोबर आहेत. आयसी२०साठी ४१६४ आणि १६ पिनचं सॉकेट आणतो. बसवल्यावर २५५, ०, ८५, १७० पुन्हा चालवून आकडे इथेच देईन.