आई माळकरी आहे, डी३ च्या पुड्या घेत नाही. डी२ चालेल का?

नमस्कार, सांगलीहून लिहितेय. आईचं वय ६८. चार महिने झाले, मांड्या भरून येतात आणि जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. मिरजेत दाखवलं. रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ११ आलं, रिपोर्टवर २० च्या खाली म्हणजे कमतरता असं छापलंय. डॉक्टरांनी डी३ ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशा आठ दिल्या. दोन तिने दुधातून घेतल्या.

मग माझ्या भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं की डी३ मेंढीच्या लोकरीतून काढतात. माळ घालून तिला तीस वर्षं झाली. "मेंढीचं माझ्या पोटात नको," म्हणाली आणि उरलेल्या सहा पुड्या देव्हाऱ्याखालच्या खणातून काढून माझ्या हातात ठेवल्या. तिच्याशी वाद घालायचा नाहीये मला. तिची माळही राहिली पाहिजे आणि तिला आषाढीला चालताही आलं पाहिजे.

औषधाच्या दुकानात डी२ मागितलं तर कॅल्शियमची गोळी मिळाली. पाकिटावर कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम. "हे पण डीच आहे, पुडी सोडली तरी चालतंय." हे खरं का? ६०,००० युनिट म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम होतात. कुठे १५०० आणि कुठे पाव! अजून एक, आई रोज सकाळी साडेसहाला गणपतीला चालत जाते. एवढं ऊन अंगावर घेऊन कमी कसं पडलं?

माणदेशी:
ताई, फार्मसी शिकवतो म्हणून लिहितो. आधी गोळीचं, कारण तिथे धोका आहे. डी२ असो वा डी३, दोन्ही कच्चा माल. यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी होतं, तेच रिपोर्टमध्ये मोजलंय, म्हणजे अंगातली साठवण. मूत्रपिंड त्यातून लागेल तेवढंच कॅल्सिट्रिऑल करतं. ते तयार, कामाचं रूप, म्हणून मात्रा इतकी बारीक. ते बाहेरून घेतल्याने साठवण भरत नाही, आणि मूत्रपिंडाचा लगाम सुटल्यामुळे रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. ती गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

डी२ बुरशीवर्गातलं. यीस्ट आणि अळंबीतल्या एर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की होतं. आईंना नक्की चालेल आणि गुणही येतो. फक्त आठवड्याच्या मोठ्या मात्रेत ते डी३ पेक्षा लवकर उतरतं, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या. पुढची तपासणी करताना लॅबला डी२ चालू असल्याचं सांगा, काही पद्धतींत ते कमी मोजलं जातं. दगडफुलाच्या जातकुळीतल्या, बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून होणाऱ्या लायकेनपासून केलेलं डी३ पण मिळतं, पाकिटावर लायकेन लिहिलेलं असतं. मऊ कॅप्सूल मात्र टाळा, कवच बहुधा जिलेटिनचं असतं.

सकाळी साडेसहाच्या उन्हात कातडीला डी तयार करायला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण जवळपास नसतातच. ते अकरा ते दोनच्या उन्हात. त्यात डोक्यावर पदर, पूर्ण बाह्यांचं पोलकं, आणि वयाबरोबर कातडीतला मूळ पदार्थही घटतो. दुपारी हात-पिंढऱ्या उघड्या ठेवून थोडा वेळ बसू द्या, लाल होईपर्यंत नको. खिडकीच्या काचेआडून उपयोग नाही. दूध आणि तेल घेताना पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह बघा, त्यात डी घातलेलं असतं. पण ११ वरून वर यायला तेवढं पुरणार नाही.

आणि लोकरीबद्दल. कातरलेली लोकर धुताना जो मेणचट चिकटा निघतो, त्यापासून डी३ करतात. त्यासाठी मेंढी मारत नाहीत. पटेल न पटेल, पण आईंना हे माहीत असावं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. गोळी बाजूला ठेवली. लोकरीचं रात्री आईला वाचून दाखवलं. हरिपाठाला बसते त्या घोंगडीवरून ती कितीतरी वेळ हात फिरवत होती. मग म्हणाली, "अंगाला लावणं वेगळं, पोटात घेणं वेगळं." तर डी२ च. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी बदलून घेते. सांगली-मिरजेत कुणाला डी२ ची पुडी किंवा लायकेनवालं डी३ मिळालं असेल तर कृपया इथे लिहा, तिच्या दोन पुड्या आधीच चुकल्यात.