गॅलक्सी ए३५ की रेडमी नोट १३ प्रो? बाबांसाठी, खानापूर भागात वापरायला

घाटमाथा:
बाबांसाठी फोन घ्यायचा विचार करूलालो. सॅमसंग गॅलक्सी ए३५ आणि रेडमी नोट १३ प्रो ५जी, या दोनवर येऊन अडकलोय. दोन्ही २०२४ चे, दोन्ही ८ जीबी रॅम आणि १२८ जीबीचे, आता दोन्हींच्या भावात फार फरक राहिला नाही.
वापर सांगतो. शेत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, पाऊस किती असतो ते इथल्यांना सांगायला नको. सिम दोन, कर्नाटकातलं बँकेला जोडलेलं आणि दुसरं महाराष्ट्रातलं जुनं, तेही सोडायचं नाही. यूपीआय, व्हॉट्सॲप, उसाच्या वजनाच्या पावत्यांचे फोटो, कन्नडमधून आलेले कागद वाचणं. गेम अजिबात नाही. चार-पाच वर्षं चालला पाहिजे.
एकात २०० मेगापिक्सेल कॅमेरा, दुसऱ्यात ५०. मग २०० वालाच घ्यावा ना?

काउंटरवाला:
मेगापिक्सेल आधी बाजूला ठेवा. रेडमीचा २०० वाला सेन्सर नेहमीच्या मोडमध्ये सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. सॅमसंगचा ५० वाला चार-चार एकत्र करून जवळपास तेवढाच देतो. २०० चा मोड मुद्दाम निवडावा लागतो, त्यात एकेका फोटोची फाइल भलतीच मोठी होते आणि व्हॉट्सॲप ती दाबून लहान करूनच पाठवतं. पावतीवरचे आकडे वाचता यावेत एवढंच हवं असेल तर कागद सपाट ठेवा, उजेड बाजूनं घ्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना वरचं 'एचडी' दाबा. मुख्य कॅमेऱ्याला हात हलला तरी सांभाळणारं ओआयएस दोन्हीत आहे.

तुमच्या वापरात खरा फरक पाण्याचा. ए३५ ला आयपी६७ आहे, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. रेडमीला आयपी५४, म्हणजे धूळ आणि शिंतोडे, बस. वरच्या खिशात फोन, अंगावर इरलं किंवा प्लास्टिक आणि तासभर मुसळधार, हा प्रकार आयपी५४ मध्ये बसत नाही. तरी आयपी६७ म्हणजे वॉरंटी नव्हे. पाणी शिरलेला फोन वॉरंटीत धरत नाहीत. दुसरं म्हणजे डिस्प्ले फुटून एकदा बाहेर बदलला की कडेचा गोंद आणि रबर पूर्वीसारखे बसतीलच असं नाही. त्यानंतर तो फोन साधाच समजायचा.

भिजल्यावर चार्जिंगला लावला आणि पोर्ट ओला असल्याची सूचना आली तर वायर काढायची, पोर्ट खाली करून हलकं झटकायचं आणि पंख्यासमोर ठेवायचा. तांदळात पुरू नका, त्याचा भुसा पोर्टमध्ये अडकतो. ए३५ ला वायरलेस चार्जिंग नाही, त्यामुळे पोर्ट वाळेपर्यंत थांबणं हाच मार्ग.

चिक्कोडीकर:
पावसाचं कबूल. पण सगळं पारडं सॅमसंगकडे झुकवू नका. रेडमीच्या खोक्यात ६७ वॉटचा चार्जर येतो, ए३५ च्या खोक्यात नुसती वायर. रेडमीला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन चालते, ए३५ ला नाही. रेडमीत इन्फ्रारेड आहे, टीव्हीचा रिमोट हरवला की फोनच रिमोट. वजन १८७ ग्रॅम, ए३५ चं २०९. २२ ग्रॅम ऐकायला काही नाहीत, पण शर्टाच्या वरच्या खिशात, वाकून काम करताना जाणवतात की. उन्हात स्क्रीनही रेडमीचीच जास्त उजळते, कंपनीचा आकडा १८०० निट्सचा आहे आणि सॅमसंगचा १०००. बांधावर उभं राहून क्यूआर दाखवायचा असतो तेव्हा हे कामाला येतं.

ज्याचं शेत निपाणी-चिक्कोडीकडे आहे, म्हणजे पाऊस बेताचा आणि ऊन जास्त, त्याला मी रेडमीच सांगेन. जांबोटी-कणकुंबीला ते लागू पडत नाही, एवढंच.

दोन_सिम:
सिमचा ट्रे कोणी बघितला का? ए३५ ला मेमरी कार्ड चालतं, असं दुकानदार मोठ्यानं सांगतो, पण तो ट्रे हायब्रिड आहे. दुसऱ्या खाचेत एकतर सिम, नाहीतर कार्ड. बाबांची दोन्ही सिम घातली की कार्डाला जागा उरली नाही. रेडमीत कार्डाची सोयच नाही. म्हणजे तुमच्यासाठी दोन्हीत १२८ म्हणजे १२८च, आणि त्यातली बरीच जागा सिस्टीम आणि ॲप्स खातात. भावात फार फरक नसेल तर जो घ्याल तो २५६ चा घ्या. तसंही व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ फोनच्याच मेमरीत साठतात, कार्डावर आपोआप जात नाहीत, त्यामुळे कार्डाचा उपयोग वाटतो तेवढा नसतो.

महाराष्ट्राचं सिम ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्येच चालू होणारं सिम) करून ट्रे मोकळा करायचा मनात असेल, तर दुकानातल्या फोनवर सिम मॅनेजर उघडून 'ॲड ई-सिम' दिसतंय का ते आधी बघा. बँकेचं सिम मात्र कधीच ई-सिम करू नका. फोन बंद पडला तर साधं सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनात घालता येतं. ई-सिम असं उचलून नेता येत नाही, ते नव्यानं चालू करून घ्यावं लागतं.

आता सीमेचा खास त्रास. शिनोळीकडे किंवा कोगनोळी टोलच्या पलीकडे गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो. शेत हद्दीजवळ असेल तर जागेवर बसून दिवसातून चार वेळा इकडचा-तिकडचा होतो. काही सिमवर तेव्हा रोमिंगचा 'आर' येतो, आणि डेटा रोमिंग बंद असेल तर काडी पूर्ण दिसूनही नेट गायब. लोक फोन खराब झाला म्हणून दुकानात नेतात. देशातल्या देशात रोमिंगचा वेगळा आकार आता लागत नाही, तेव्हा दोन्ही सिमचं डेटा रोमिंग चालू करून ठेवा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क्स. रेडमीत सिम कार्ड्स अँड मोबाईल नेटवर्क्समध्ये जाऊन.

त्याच ठिकाणी नेटवर्क मोड असतो. जिथं ५जी एक काडी येतं आणि जातं, तिथं फोन सतत शोधत राहतो, गरम होतो आणि दुपारपर्यंत बॅटरी निम्म्यावर येते. ए३५ ची ५००० आणि रेडमीची ५१०० एमएएच, या फरकापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. बाबांना ५जीची गरज नाही, दोन्ही सिम ४जीवर ठेवा. पण जिओचं सिम असेल तर व्होल्टी (४जीवरून कॉल लागण्याची सोय) बंद करू नका, जिओला २जी-३जी नाहीच, मग कॉल लागणार नाही. बीएसएनएलचं जुनं सिम असेल तर ते आधी ४जी सिमशी बदलून घ्या, नाहीतर फोन कितीही नवा असला तरी ते जुन्याच नेटवर्कवर अडकून राहील.

घाटमाथा:
हायब्रिड ट्रेचं माहीतच नव्हतं, चांगलं सांगितलात. ए३५ घेतला तर घरातला जुना १० वॉटचा चार्जर चालेल का? आणि कन्नड कागदांचं कोणी सांगा, ग्रामपंचायतीतून आलेलं काहीच कळत नाही बाबांना.

काउंटरवाला:
चालेल, पण आधी वायर बसणार नाही. ए३५ च्या खोक्यातली वायर दोन्हीकडून टाइप-सी आहे, जुन्या चार्जरला चपटं मोठं भोक. जुनी वायर लावलीत तर चालतं, पण १० वॉटवर ५००० एमएएचला तीन तासांच्या आसपास धरा. लाईट मध्येच जाते त्या गावात हे परवडत नाही. २५ वॉटचा, पीडी आणि पीपीएस (जलद चार्जिंगच्या पद्धती) दोन्ही लिहिलेला टाइप-सी चार्जर वेगळा घ्या. नुसतं 'फास्ट चार्जर' लिहिलेला घेऊ नका. पीपीएस नसेल तर फोन खालच्या वेगावर उतरतो. ही किंमत ए३५ च्या भावात धरूनच तुलना करा, बरेच लोक तिथंच चुकतात.

रेडमीचे ६७ वॉट फक्त त्याच्याच चार्जरवर आणि त्याच्याच वायरीवर. वायर तुटली आणि बाजारातली पन्नास रुपयांची लावली की वेग गेला.

आणखी एक. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन स्वतःच इकडेतिकडे दाबल्यासारखी होते, अशी तक्रार खेड्यांतून फार येते. फोनचा दोष क्वचितच असतो. स्वस्त चार्जरमधून गाळला न गेलेला करंटचा खरखराट टच पॅनेलपर्यंत जातो, घराची अर्थिंग नीट नसली की आणखी वाढतो. चार्जर बदलून बघायचा, डिस्प्ले नाही. व्होल्टेज कमी असणं हे कारण नसतं, चांगला चार्जर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत घेतो.

लिपी:
कन्नडसाठी फोन कुठलाही असो, काम गुगलचंच. गुगल ट्रान्सलेट टाका, उजवीकडे वरच्या प्रोफाइल फोटोवर दाबून डाउनलोड केलेल्या भाषांमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही उतरवून ठेवा, घरच्या वायफायवर. मग रेंज नसली तरी निदान टाइप केलेल्या मजकुराचं भाषांतर होतं. कॅमेऱ्याचं चिन्ह दाबून कागदावर धरायचं, कन्नडमधून मराठीत असं निवडलेलं आहे ना ते बघून.

मर्यादा लक्षात ठेवा. छापील कागद बरा वाचतो, हातानं लिहिलेला आणि शिक्क्याखाली दबलेला नाही. नेट नसताना भाषांतर आधी इंग्रजीत आणि मग मराठीत येतं, म्हणून वाक्य वेडंवाकडं वाटतं. शक्य असेल तेव्हा नेट चालू ठेवूनच वाचा. पहाणी उताऱ्यावरचा (म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावरचा) सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र भाषांतरातून कधीच उचलू नका. आकडे कन्नड लिपीत असतील तर एखादा चुकीचा वाचला जाऊ शकतो, आणि एकर-गुंठ्यांत एक आकडा चुकला की पुढचं सगळं चुकलं. अंक मूळ कागदावर बोट ठेवून, कन्नड येणाऱ्याकडून एकदा तपासून घ्या. कन्नडचे दहा अंक लिहून बाबांच्या फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी ठेवलीत तरी अर्धं काम झालं.

टायपिंगला जीबोर्ड, गुगलचा कीबोर्ड. भाषांमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही जोडा, स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. बाबांना टाइप करणं जमत नसेल तर माइकचं बटण दाखवा, मराठी बोललेलं बऱ्यापैकी उतरवतं.

दोन_सिम:
यूपीआय राहिलं. ॲप नव्या फोनवर चालू करताना बँकेला जोडलेल्या सिमवरूनच एसएमएस जातो. दोन सिम असल्या की ॲप विचारतं, तिथं घाईत महाराष्ट्राचं निवडलं जातं आणि 'खातं सापडलं नाही' येतं. बँकेचं सिम पहिल्या खाचेत ठेवा आणि त्यावर एसएमएस जाईल एवढा रिचार्ज आहे ना ते बघा.

चिक्कोडीकर:
किती वर्षं चालेल याचं कोणी बोललं नाही. ए३५ ला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट, अँड्रॉइड १४ पासून सुरुवात. रेडमीला तीन आवृत्त्या आणि चार वर्षं, सुरुवात १३ पासून. पण ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही! रेडमी जानेवारी २०२४ ला आला, ए३५ मार्चला. म्हणजे एकाचं २०२८ च्या सुरुवातीला संपतं, दुसऱ्याचं २०२९ च्या. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्याला हे एक वर्ष महत्त्वाचं. इथं मी माझ्या पसंतीच्या फोनविरुद्ध बोलतोय, पण खरं ते खरं.

रेडमी घेतलाच तर दोन गोष्टी पहिल्या दिवशी करा. जाहिराती कमी करायला सेटिंग्जमध्ये ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन शोधा आणि 'एमएसए' (जाहिराती दाखवणारं कंपनीचं ॲप) बंद करा. दहा सेकंद थांबवतं, आणि बऱ्याचदा पहिल्या वेळी 'जमलं नाही' म्हणतं. नेट चालू ठेवून तीन-चार वेळा करा, होतं. दुसरं, व्हॉट्सॲप आणि यूपीआय ॲपला ऑटोस्टार्ट द्या आणि बॅटरीत 'नो रिस्ट्रिक्शन्स' ठेवा, नाहीतर मेसेज फोन उघडल्यावरच येतात. सॅमसंगही याबाबत साधू नाही, तिथं 'नेव्हर ऑटो स्लीपिंग'च्या यादीत हीच ॲप्स टाकावी लागतात. आणि सुरुवातीच्या सेटअपला जी भाराभर ॲप्स सुचवतात त्यांच्या खुणा काढून पुढं जा.

काउंटरवाला:
दोन्हींत बोटाचा ठसा स्क्रीनखाली, प्रकाशावर वाचणारा. शेतात राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात ओलं बोट, मग फोन उघडत नाही. उजवा अंगठाच दोन वेगळी बोटं समजून दोनदा नोंदवा, एकदा सरळ धरून आणि एकदा कडेनं. स्क्रीनगार्ड जाड लावू नका. नवा गार्ड लावला की जुना ठसा पुसून पुन्हा घ्या.

घाटमाथा, तुमच्यासाठी ए३५, २५६ चा मिळाला तर उत्तमच, आणि सोबत २५ वॉटचा चार्जर. वॉरंटी भारतभर सारखी, जीएसटी सगळीकडे १८ टक्के, तेव्हा बेळगाव की कोल्हापूर हा वाद नको. जिथं बिल पक्कं आणि भाव कमी तिथं घ्या. खोक्यावर उत्पादनाचा महिना छापलेला असतो, जितका अलीकडचा तितकं बरं, फार दिवस पडून राहिलेल्या बॅटरीची ताकद कमी होते. दुकानातच *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग *#०*# दाबा, सॅमसंगची तपासणी उघडते, त्यात लाल-हिरवा-निळा रंग आणि टच बघून घ्या. एक कॉल लावून फोन कानाशी धरा, स्क्रीन लगेच काळी होते का ते पाहा. कानानं कॉल कट होण्याची तक्रार पुढं करण्यापेक्षा ते तिथंच कळलेलं चांगलं.

घाटमाथा:
२५६ चा ए३५ बेळगावात एका दुकानात आहे म्हणतात. शनिवारी बाबांनाच घेऊन जातो, अंगठा तिथंच लावून बघतो.