शुल्क माफ झाले, खोलीभाडे राहिलेच

बारावीनंतरच्या अभ्यासक्रमाच्या निवडीबाबत ‘मुलींना स्वतःची आवडच ठाऊक नसते, म्हणून त्या मैत्रिणींच्या मागे जातात’ असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले, हे खरे. परंतु गुहागर-राजापूरकडच्या घरांत चर्चा होते ती खोलीभाड्याची, खाणावळीची आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते याची. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय असूनही, बंदरावरचा लिलाव लहानपणापासून पाहिलेली मुलगी बी.कॉम. निवडते, कारण मत्स्यबीज केंद्र, कोळंबी प्रकल्प किंवा निर्यातीच्या मासळीची गुणवत्ता तपासणी अशा नोकऱ्या घरच्यांच्या (आणि बहुधा शिक्षकांच्याही) कानावर आलेल्या नसतात. म्हणून अशा महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींना बारावीच्या निकालाआधीच, पालकांसमोर, बोलते करावे.